दोन देशांचं नागरिकत्व ठेवता येतं का?



गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक संपली, हप्ते जमा झाले, वही मिटली, तरी एक ताई जागच्या उठेनात. त्यांची नणंद बऱ्याच वर्षांनी इंग्लंडहून परत आली आहे. आमच्या सिंधुदुर्गातली लेक, गोव्यात दिलेली. नवऱ्याने पोर्तुगीज पासपोर्ट काढला, मागोमाग तिनेही. आता नवरा वारला आणि तिला कायमचं इथेच राहायचं आहे. ती म्हणते, "माझं मतदार ओळखपत्र आहे, आधार आहे, ओसीआय कार्डही आहे. मग मी दोन्हीकडची नागरिक ना?"

मलाही नक्की ठाऊक नव्हतं. तालुक्याला जाऊन वकिलांना विचारलं, कायद्याचं पुस्तक बघितलं. तेच आज तुम्हाला सांगते.

आधी गोव्याचं समजून घेऊ. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्याआधी तिथे जन्मलेल्यांना पोर्तुगाल आजही आपलं नागरिकत्व देतं, आणि काही अटींवर त्यांच्या मुलानातवंडांनाही. अशा माणसाशी लग्न होऊन तीन वर्षं झाली की नवऱ्याला किंवा बायकोलाही अर्ज करता येतो. पोर्तुगाल म्हणतं, तुमचं दुसरं नागरिकत्व असलं तरी आमची हरकत नाही. इथेच लोक फसतात. पोर्तुगालची हरकत नसली, तरी भारताची आहे.

लग्न होऊन सासरी गेलो तरी आपलं माहेर तुटत नाही. नागरिकत्वाचं तसं नाही. राज्यघटनेचं कलम ९ आणि नागरिकत्व कायदा १९५५, त्याचंही कलम ९, दोन्ही एकच सांगतात. आपल्या मर्जीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं, की भारताचं नागरिकत्व आपोआप संपतं. कुणाची नोटीस यावी लागत नाही. मग जुना भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो. तो जवळ ठेवून वापरत राहणं हा गुन्हा आहे.

मतदार यादीत फक्त भारतीय नागरिकाचं नाव राहू शकतं. नणंदेचं नाव यादीत राहून गेलं होतं, ते तिने स्वतः अर्ज करून काढून घ्यायला हवं. त्या कार्डावर मतदान करायला गेली असती तर अडचणीत आली असती. आणि आधार? आधार ही ओळख आहे, नागरिकत्वाचा पुरावा नाही.

एक भीती मात्र मनातून काढून टाका. परदेशी माणसाशी नुसतं लग्न केल्याने बाईचं भारतीय नागरिकत्व जात नाही. परदेशात नोकरी केली, तिथे राहण्याचा परवाना मिळाला, तरीही जात नाही. स्वतः तिथलं नागरिकत्व घेतलं, तरच जातं.

आता ओसीआय कार्ड. त्याच्या नावात 'नागरिक' हा शब्द आहे, म्हणून घोटाळा होतो. खरं तर तो आयुष्यभराचा व्हिसा आहे. कार्ड असेल तर कितीही वेळा यावं, कितीही दिवस राहावं, घर विकत घ्यावं. पण मतदान करता येत नाही, निवडणुकीला उभं राहता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली शेतजमीन मात्र घेता येते. हे ऐकून नणंदेच्या डोळ्यांत पाणी आलं. वडिलांच्या जमिनीतला आपला हिस्सा गेला, असंच ती धरून बसली होती.

मग परतीची वाट आहे का? आहे. कायद्याच्या कलम ५ मध्ये नोंदणीने नागरिकत्व मिळण्याची सोय आहे. जी सज्ञान व्यक्ती पूर्वी स्वतंत्र भारताची नागरिक होती, किंवा जिची आई अथवा वडील होते, तिला अर्ज करता येतो. त्यासाठी अर्जाच्या आधी सलग १२ महिने भारतात राहिलेलं असावं लागतं. म्हणून या काळात परदेशवारी टाळलेली बरी. अर्ज केंद्रीय गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर भरायचा. त्याची छाननी जिल्हाधिकारी कार्यालयातून होते. निर्णय केंद्र सरकारचा असतो, त्यामुळे अर्ज केला म्हणजे मिळालंच, असं धरू नका.

आणि अर्ज मंजूर झाला तर परदेशी नागरिकत्व सोडून देईन, असं लिहून द्यावं लागतं. म्हणजे परत येतानाही दोन्ही हातांत काही राहत नाही. तिकडे पेन्शन असेल, मुलं असतील, तर त्या नागरिकत्वाशिवाय तिकडे जाणं-येणं कसं होईल, पैसे कसे मिळतील, हे आधी विचारून घ्या.

हे सगळं आज का सांगते? आपल्यापैकी अनेकींच्या लेकी गोव्यात दिल्या आहेत. उद्या जावई म्हणेल, "हिचेही कागद करतो." एजंट म्हणेल, "दोन्ही ठेवा, कुणाला कळतंय!" तेव्हा लेकीला सांगा, बाई, सही करण्याआधी काय सुटतंय ते विचार. जायचं असेल तर खुशाल जा, पण समजून जा. जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, जुन्या पासपोर्टची प्रत जपून ठेव. परत यायची वेळ आली तर हेच कागद लागतील.

आमच्या ताईंच्या नणंदेला येऊन चार महिने झाले आहेत. अजून आठ महिने थांबायचं आहे. मुलगा तिकडे असतो, म्हणून तिचं मन अजून ठरत नाही. पण आता ती जे ठरवेल, ते माहिती घेऊन ठरवेल. आमच्या बैठकीला ती दर वेळी येते, सतरंजीवर शेवटी बसते, आणि हप्त्यांचा हिशेब आमच्याआधी तिचाच होतो.

भेटू पुढच्या बुधवारी. नमस्कार.