घटक ६ : सरोवराचे डिजिटल जुळे – पिंपरी-चिंचवड, चाकण आणि उजनी

६.० उद्दिष्टे

ह्या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• ‘डिजिटल जुळे’ ही संकल्पना स्पष्ट करता येईल.
• पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील सांडपाणी आणि उजनी जलाशयाचे आरोग्य ह्यांतील संबंध सांगता येईल.
• जलाशयाच्या जुळ्याची अंगे व त्यांचे कार्य वर्णन करता येईल.
• ह्या तंत्राच्या मर्यादांची चिकित्सा करता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, आषाढी वारीसाठी देहूहून तुकाराम महाराजांची आणि आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पंढरपूरला जाते, हे आपण जाणतोच. ह्या दोन्ही गावांवरून वाहणाऱ्या इंद्रायणीचे पाणीही अखेर पंढरपूरलाच पोहोचते. तुळापूरला इंद्रायणी भीमेला मिळते. भीमा दौंडवरून उजनी जलाशयात शिरते आणि धरणाखाली पंढरपूरला ‘चंद्रभागा’ ह्या नावाने ओळखली जाते. पिंपरी-चिंचवडमधून वाहणारी पवना मुळेला मिळते, मुळा पुण्यात मुठेला मिळते आणि मुळा-मुठा पुढे भीमेत विसर्जित होते. चाकणच्या एका अंगाला इंद्रायणी आहे, तर दुसऱ्या अंगाला भामा. भामा हीदेखील भीमेचीच उपनदी आहे.

ह्याचा अर्थ असा की, ह्या उद्योगपट्ट्यातील नाल्यांचे पाणी ज्या सरोवरात साठते, ते सरोवर तेथील रहिवाशांच्या दृष्टीआड, शंभर किलोमीटरांपलीकडे आहे. जे दिसत नाही त्याची जबाबदारीही वाटत नाही. हे दृष्टीआड राहिलेले नाते डोळ्यांपुढे आणण्यासाठी ‘डिजिटल जुळे’ हे तंत्र कितपत उपयोगी पडू शकते, ह्याचा विचार आपण ह्या घटकात करणार आहोत.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ उद्योगपट्टा आणि जलाशय

पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी ही गावे उद्योगनगरीत रूपांतरित होऊ लागली. १९८२ साली तेथे महानगरपालिका आली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे १७ लाख होती. दरम्यान खेड तालुक्यातील चाकण हे वाहननिर्मितीचे मोठे केंद्र बनले.

ह्याच काळात भीमेवर उजनी धरण बांधले गेले. ते १९८० साली पूर्ण झाले. ‘यशवंतसागर’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या जलाशयाची एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, अर्थात सुमारे २,८३० कोटी लिटर पाणी. उजनीतील सुमारे ५४ टीएमसी साठा ‘उपयुक्त’, तर सुमारे ६३ टीएमसी ‘मृत’ मानला जातो. मृत साठा म्हणजे नेहमीच्या दरवाजांतून व कालव्यांतून बाहेर न पडणारे तळचे पाणी. वरून आलेली घाण बराच काळ मुक्काम का करते, ह्याचे एक कारण ह्या आकड्यांत आहे.

सोलापूर शहराचे पिण्याचे पाणी, जिल्ह्यातील ऊसशेती आणि भिगवण परिसरातील मासेमारी ह्या जलाशयावर अवलंबून आहे. हिवाळ्यात त्याच्या पाणफुगवट्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. हे सारे जीवन ज्या पाण्यावर उभे आहे, ते उन्हाळ्यात अनेकदा हिरवेगार दिसते.

६.२.२ पाणी हिरवे का होते?

सांडपाण्यात नत्र व फॉस्फरस ही पोषणद्रव्ये असतात. ती साचलेल्या पाण्यात वाढली की शैवाल फोफावते. ह्या प्रक्रियेला ‘अतिपोषण’ म्हणतात. दर लिटरमागे सुमारे ०.०३५ मिलिग्रॅमहून अधिक फॉस्फरस असलेले सरोवर सामान्यतः अतिपोषित गणले जाते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका नाल्यातून रोज १० कोटी लिटर सांडपाणी वाहते आणि त्याच्या प्रत्येक लिटरमध्ये ५ मिलिग्रॅम फॉस्फरस आहे. म्हणजे रोज ५०० किलो फॉस्फरस पुढे गेला. एक टीएमसी स्वच्छ पाणी अतिपोषणाच्या सीमेवर आणण्यासाठी सुमारे १,००० किलो फॉस्फरस पुरतो. हे काम आपला नाला दोन दिवसांत करील! प्रत्यक्षात काही फॉस्फरस वाटेत गाळात बसतो, काही जलपर्णी शोषून घेते, तर काही पावसाळ्यातील पुराबरोबर वाहून जातो. नेमका किती आणि केव्हा, हा प्रश्न मात्र तोंडी हिशेबाने सुटत नाही. त्यासाठी प्रतिमानाची गरज भासते.

दुसरी अडचण वेळेची आहे. शैवाल दिवसा सूर्यप्रकाशात प्राणवायू सोडते, परंतु रात्री श्वसनासाठी तोच वापरते. त्यामुळे अतिपोषित पाण्यातील प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. सकाळी अकरा वाजता कार्यालयीन वेळेत घेतलेल्या नमुन्यात प्राणवायू भरपूर आढळतो. मासे मात्र पहाटेच मेलेले असतात. नमुना खोटा नसतो, त्याची वेळ चुकलेली असते. मत्स्यजीवनासाठी लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू असावा, हा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. तो पाळला जातो की नाही, हे महिन्यातून एकदा घेतलेल्या बाटलीभर पाण्यावरून कळणे कठीण आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
(अ) उजनीतील मृत साठा म्हणजे काय?
(आ) अतिपोषित पाण्यातील प्राणवायू कोणत्या वेळी सर्वांत कमी असतो?

६.२.३ डिजिटल जुळे : संकल्पना

एखाद्या प्रत्यक्ष वस्तूची संगणकात घडवलेली, तिच्याकडून सतत नोंदी घेत राहणारी आणि तिच्याबरोबर बदलत जाणारी प्रतिकृती म्हणजे डिजिटल जुळे. ही कल्पना कारखानदारीतून आली. मायकेल ग्रीव्हज ह्यांनी २००२ साली उत्पादनाच्या संपूर्ण जीवनक्रमाचे व्यवस्थापन करण्यासाठी ती मांडली. तिचे मूळ त्याहूनही मागे, एप्रिल १९७० मधील अपोलो १३ मोहिमेत दाखवले जाते. यानातील प्राणवायूच्या टाकीचा स्फोट झाल्यावर अभियंत्यांनी पृथ्वीवरील यानसदृश यंत्रणांवर उपाय पडताळून पाहिले आणि मगच ते अंतराळवीरांना कळवले.

वाहनउद्योगात आज ही पद्धत रुळलेली आहे. नवा सुटा भाग किंवा नवी जुळणी-साखळी आधी संगणकात चालवून पाहिली जाते. चाकणच्या परिसरात राहणाऱ्या वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. यंत्राची चूक कागदावर सापडली तर ती स्वस्तात सुटते, हे जो उद्योग जाणतो, त्याच्या दाराबाहेरील पाण्यालाही तोच न्याय लावावा, एवढेच येथे सुचवायचे आहे.

‘जुळे’ हा मराठी शब्द येथे अर्थपूर्ण आहे. छायाचित्र एका क्षणाचे असते आणि नकाशा स्थिर असतो. साधे प्रतिमान एकदा रचले की प्रत्यक्षापासून दुरावत जाते. जुळे भावंड मात्र आपल्याबरोबर वाढते. सरोवरात आज जे घडले ते आजच जुळ्यात उमटावे आणि जुळ्याने दाखवलेल्या धोक्यावरून सरोवराची काळजी घेतली जावी, असा हा दुहेरी संबंध आहे. तो तुटला तर उरते ते केवळ रंगीत चित्र.

६.२.४ जलाशयाच्या जुळ्याची अंगे

(१) देह : जलाशयाच्या तळाचा, काठांचा आणि गाळाचा तपशीलवार नकाशा. उजनीच्या तळाशी बुडालेली गावे आहेत. पाणी आटले की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते. पाणी कोठे उथळ, कोठे खोल आणि कोठे साचलेले राहते, हे ह्या नकाशावरून समजते.

(२) ज्ञानेंद्रिये : तापमान, विरघळलेला प्राणवायू, सामू, गढूळपणा, विद्युतवाहकता व शैवालातील हरितद्रव्य मोजणारे संवेदक. ह्यांच्या जोडीला उपग्रहांची छायाचित्रे येतात. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांकडून दर काही दिवसांनी मिळणाऱ्या चित्रांत १० मीटरपर्यंतचा तपशील दिसतो. त्यांवरून हिरवा थर कोठे पसरला ते ओळखता येते.

(३) बुद्धी : पाणी, उष्णता, प्राणवायू आणि पोषणद्रव्ये ह्यांचा जमाखर्च मांडणारी गणिती प्रतिमाने. सांडपाणी मिसळल्यावर नदीतील प्राणवायू कसा घटतो व पुढे कसा सावरतो, ह्याचे समीकरण स्ट्रीटर आणि फेल्प्स ह्यांनी १९२५ सालीच मांडले होते. आजची प्रतिमाने अधिक गुंतागुंतीची असली तरी हा जमाखर्चाचा विचार कायम आहे.

(४) स्मरण व दुरुस्ती : प्रतिमानाने वर्तवलेले आणि संवेदकाने मोजलेले ह्यांची सतत तुलना करून प्रतिमान सुधारणे. येथेच प्रतिमानाचे जुळे होते.

अमेरिकेतील लेक जॉर्ज ह्या सरोवरासाठी २०१३ साली ‘जेफर्सन प्रकल्प’ सुरू झाला. तेथे संवेदकांचे जाळे आणि प्रतिमाने एकमेकांना जोडून सरोवराचा अभ्यास केला जातो. महाराष्ट्रातही ह्या वाटेवरचे पहिले पाऊल पडलेले आहे. जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात जलसंपदा विभागाने कृष्णा व भीमा खोऱ्यांसाठी पाऊस आणि नद्या-धरणांची पातळी ह्यांच्या दूरमापनाची व त्यावरून येव्याचा अंदाज बांधण्याची यंत्रणा उभारली. पूरकाळात धरणांतील विसर्गाचा निर्णय घेण्यासाठी अशी यंत्रणा मोलाची ठरते. ती पाणी ‘किती’ ते सांगते. ‘कसे’ हा प्रश्न तिला जोडणे, हे पुढचे पाऊल होय.

६.२.५ जुळ्याला विचारावयाचे प्रश्न

जुळ्याचे खरे मोल ‘असे केले तर काय होईल?’ ह्या प्रश्नात आहे. उदाहरणार्थ :

• मैलाशुद्धीकरण केंद्रांत फॉस्फरस काढण्याची सोय केली, तर जलाशय किती वर्षांत निवळेल? तळचे पाणी प्राणवायूविना राहिले की गाळात साठलेला फॉस्फरस पुन्हा पाण्यात उतरतो. त्यामुळे आज सर्व नाले बंद केले तरी पाणी लगेच स्वच्छ होणार नाही. हे आधीच कळले, तर दोन वर्षांत फळ दिसले नाही म्हणून योग्य उपाय सोडून देण्याची चूक टळते.
• जूनच्या पहिल्या जोरदार पावसात नाल्यांत साचलेली महिनोन्‌महिन्यांची घाण एकदम नदीत येते. तिचा लोंढा जलाशयाच्या तोंडाशी केव्हा पोहोचेल? मच्छीमारांना आणि पाणीपुरवठा यंत्रणांना किती तास आधी सूचना देता येईल?
• तेवढ्याच खर्चात जलपर्णी काढावी, की ज्या नाल्यामुळे ती वाढते तो आधी रोखावा?

ह्या प्रश्नांवरून एक गोष्ट ध्यानात येते. केवळ जलाशयात संवेदक बसवले तर जुळे रोगाची लक्षणे सांगेल, कारण सांगणार नाही. त्याचा पहिला संवेदक भिगवणला नव्हे, तर पवना-इंद्रायणीला मिळणाऱ्या नाल्याच्या मुखाशी असला पाहिजे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ साली अतिप्रदूषणकारी उद्योगांच्या सतरा प्रवर्गांना सांडपाण्याच्या अखंड ऑनलाइन मापनाचे निर्देश दिले. अशा नोंदी, शुद्धीकरण केंद्रांच्या नोंदी आणि जलाशयाच्या नोंदी एकाच हिशेबात आल्या, तरच कार्यकारणभाव सिद्ध होतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
(अ) साधे प्रतिमान व डिजिटल जुळे ह्यांत मुख्य फरक कोणता?
(आ) सांडपाणी थांबवूनही जलाशय लगेच का निवळत नाही?

६.२.६ मर्यादा

पहिली मर्यादा उपकरणांची. पाण्यातील संवेदकावर काही आठवड्यांतच शेवाळ चढते आणि मापन बिघडते. त्याची स्वच्छता व अंशशोधन करणारा माणूस नेमला नाही, तर जुळे आत्मविश्वासाने चुकीचे बोलू लागते. दुसरी मर्यादा मापनाच्या कक्षेची. धातूंवर मुलामा देणाऱ्या कारखान्यांतून येऊ शकणारे क्रोमियम व निकेल हे नेहमीच्या संवेदकांना ओळखता येत नाहीत; त्यांसाठी प्रयोगशाळाच हवी. जे मोजले नाही ते नाहीच, असे मानण्याचा मोह येथे टाळावा लागतो.

तिसरी मर्यादा सामाजिक आहे. पाण्याचा बदललेला वास, कमी झालेल्या माशांच्या जाती, पक्ष्यांनी सोडलेली जागा ह्या गोष्टी मच्छीमाराला उपकरणाआधी जाणवतात. त्याच्या निरीक्षणालाही नोंदीचा दर्जा मिळाला पाहिजे. शिवाय जुळ्याने सांगितलेले सत्य केवळ वरिष्ठांच्या पडद्यावर राहिले, तर खालच्या गावांना त्याचा उपयोग नाही. शेवटी, जुळे पाण्याचा एक थेंबही शुद्ध करीत नाही. शुद्धीकरण केंद्रे, निधी आणि १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याची अंमलबजावणी ह्यांना पर्याय नाही. जुळे एवढेच करते की, ‘आम्हांला ठाऊक नव्हते’ असे म्हणण्याची सोय काढून घेते.

६.३ सारांश

पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील पाणी पवना, इंद्रायणी, भामा ह्या नद्यांवाटे भीमेत आणि पुढे उजनीत जाते. तेथील अतिपोषणाचे कारण जलाशयाच्या काठावर नसून त्याच्या पाणलोटात आहे. नकाशा, संवेदक, प्रतिमान आणि सतत दुरुस्ती ह्या चार अंगांनी बनलेले डिजिटल जुळे ही साखळी दाखवू शकते आणि उपायांची आगाऊ पारख करू शकते. परंतु त्याची सुरुवात नाल्यापासून झाली, त्याची निगा राखली गेली आणि त्याच्या नोंदी काठावरच्या माणसांपर्यंत पोहोचल्या, तरच ते सरोवराचे सख्खे भावंड ठरेल.

६.४ पारिभाषिक शब्द

अतिपोषण : पोषणद्रव्ये वाढल्यामुळे पाण्यात शैवाल बेसुमार माजणे.
येवा : धरणात येणारे पाणी.
विसर्ग : धरणातून सोडले जाणारे पाणी.
पाणफुगवटा : धरणामुळे नदीपात्रात मागे पसरलेले पाणी.
अंशशोधन : उपकरणाचे मापन प्रमाणाशी ताडून दुरुस्त करणे.

६.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) नेहमीच्या दरवाजांतून व कालव्यांतून बाहेर न पडणारे तळचे पाणी. (आ) पहाटे.
प्रश्न २ : (अ) जुळे प्रत्यक्ष नोंदींनुसार सतत बदलते; साधे प्रतिमान स्थिर राहते. (आ) गाळात साठलेला फॉस्फरस पुन्हा पाण्यात उतरतो म्हणून.

६.६ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील किंवा प्रभागातील एखादा नाला निवडा. त्याचे पाणी कोणत्या ओढ्याला, नदीला आणि अखेर कोणत्या जलाशयाला मिळते, ह्याचा नकाशा काढा. त्या काठावरील दोन वयोवृद्ध व्यक्तींशी बोलून पाण्यात झालेल्या बदलांची नोंद सुमारे ३०० शब्दांत लिहा.