इस्राएलाने राजा मागितला तेव्हा

पुणे लष्करातून जाणाऱ्यास लाल विटांचा एक उंच मनोरा दुरून दृष्टीस पडतो. लोक त्या वास्तूस लाल देऊळ म्हणतात. ते ओहेल दावीद नावाचे ज्यू लोकांचे सभास्थान होय. दावीद ससून यांच्या औदार्याने बांधलेली ही वास्तू १८६७ साली पूर्ण झाली. रास्ता पेठेत बेने इस्राएल समाजाचे सुक्कथ शेलोमो हे दुसरे सभास्थान आहे. कोकणात तेलाचे घाणे चालवून व शनिवारी काम बंद ठेवून ‘शनवार तेली’ हे नाव मिळविलेला हा समाज पिढ्यान्पिढ्या मराठी बोलत आला. जुन्या करारात ज्यांचा इतिहास आपण वाचतो, ते लोक आपणांस परके नाहीत. ते आपल्याच पेठेत नांदलेले शेजारी आहेत.

ज्यू सभास्थानांत नेमलेल्या शब्बाथांस शास्त्राचे नेमलेले भाग वाचण्याची वहिवाट आहे. त्यांत शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील एक भाग येतो. शौल राजा झाल्यावर वृद्ध शमुवेल सर्व लोकांसमोर उभा राहून आपल्या कारभाराचा हिशेब देतो, तो हा प्रसंग. ही वेळ कशी आली, लोकांनी राजा का मागितला, आणि त्यांच्या मागणीत आपणांस काय शिकण्यासारखे आहे, याचा थोडा विचार येथे करू.

गोष्ट इसवी सनापूर्वी अकराव्या शतकाच्या सुमाराची. मिसर देशाच्या दास्यातून सुटून कनानात वसलेल्या इस्राएलाच्या बारा वंशांस राजा नव्हता. राजधानी नव्हती, खडे सैन्य नव्हते, दारी येऊन कर मागणारा अंमलदार नव्हता. संकट आले म्हणजे परमेश्वर एखादा शास्ता उभा करी. तो लोकांस एकत्र करी, शत्रूस हटवी, आणि लोक पुन्हा आपापल्या शेतमळ्यांकडे परतत. परमेश्वर हाच आपला राजा, ही त्या व्यवस्थेच्या मुळाशी असलेली श्रद्धा होती. गिदोनाने मिद्यानी लोकांचा मोड केला तेव्हा त्यास व त्याच्या पुत्रपौत्रांस राज्य देऊ केले असताही त्याने ते नाकारले, ते या श्रद्धेमुळेच.

ही व्यवस्था दिसावयास सोपी, पण चालवावयास फार कठीण. राजा नसलेल्या राष्ट्रात प्रत्येकाने आपण होऊन न्यायाने वागावे लागते, आणि तेच तर लोकांस जमेना. शिवाय बाहेरचे भय होतेच. समुद्रकाठच्या पलिष्टी लोकांनी इस्राएलात लोहार उरू दिला नव्हता. शेतकऱ्यास नांगराच्या फाळास धार लावून घ्यावयाची तरी शत्रूच्या मुलखात जावे लागे. एका लढाईत तर कराराचा कोशही पलिष्ट्यांच्या हाती सापडला होता. राजा मागणाऱ्यांची भीती खोटी नव्हती, हे प्रथमच कबूल केले पाहिजे. नाहीतर त्यांस दोष देणे आपणांस फार सोपे होऊन बसेल.

अशा काळी वंशांतील वडील मंडळी रामा या गावी शमुवेलाच्या घरी आली. दरसाल बेथेल, गिलगाल व मिस्पा या ठिकाणी फेरी करून न्यायनिवाडा करणारा हा पुरुष आता थकला होता. त्याने आपले दोन पुत्र, योएल व अबीया, यांस बैर-शेबा येथे न्यायास बसविले होते. पण ते लाच खाऊन न्याय विपरीत करीत. आपण वृद्ध झालात, आपले पुत्र आपल्या मार्गाने चालत नाहीत, म्हणून इतर सर्व राष्ट्रांस असतो तसा राजा आम्हांस नेमून द्या, असे वडिलांचे म्हणणे पडले.

पालकांनी येथे क्षणभर थांबावे. शमुवेल लहानपणी एली याजकाच्या घरी वाढला. एलीचे पुत्र अर्पणाचे मांस बळजबरीने घेत, आणि बापाने त्यांस आवरले नाही. त्या घरावर येणाऱ्या न्यायाचा निरोप एलीस सांगण्याचा प्रसंग बाल शमुवेलावरच आला होता. त्याच शमुवेलाच्या घरी पुन्हा तेच घडावे! घर, शेत, वतन ही बापाकडून मुलाकडे कागदाने जातात. श्रद्धा तशी जात नाही. थोर मनुष्याच्या मुलासही ती आरंभापासून स्वतः शिकावी लागते. आणि सर्व राष्ट्राचा न्याय करण्यास फिरणाऱ्या पुरुषाच्या घरात काय चालले आहे, हे त्याच्या आधी लोकांस कळू शकते.

आता मागणीकडे वळू. तिच्यातील दोन कारणे खरी होती: शमुवेल वृद्ध होता, आणि त्याचे पुत्र भ्रष्ट होते. पण या दोन कारणांचे उत्तर चांगले न्यायाधीश मागणे हे होते. लोकांनी मागितला राजा, आणि तोही इतर राष्ट्रांसारखा. पुढे त्यांनी हेही स्पष्ट केले की, त्याने आमच्यापुढे चालून आमच्या लढाया लढाव्या. मागणीचे मर्म येथे आहे. न्यायाने वागण्याचा, परस्परांसाठी उभे राहण्याचा आणि देवावर भिस्त ठेवण्याचा भार त्यांना आता नकोसा झाला होता. तो सर्व एका मनुष्याच्या खांद्यावर टाकून मोकळे व्हावे, असे त्यांना वाटले. शमुवेलास हा आपला अपमान वाटला. पण त्यांनी तुझा नव्हे, माझा अव्हेर केला आहे, असे देवाने त्यास समजाविले.

देवाने दोन गोष्टी सांगितल्या: लोकांचे ऐक, आणि राजा म्हणजे काय हे त्यांस आधी स्पष्ट सांग. शमुवेलाने सांगितलेल्या त्या वर्णनात ‘घेणे’ ही एकच क्रिया पुन्हा पुन्हा येते. राजा तुमचे पुत्र आपल्या रथांपुढे धावण्यास व आपली शेते नांगरण्यास घेईल. तुमच्या कन्या सुगंधी द्रव्ये करण्यास, स्वयंपाकास व भाकरी भाजण्यास घेईल. उत्तम शेते, द्राक्षमळे व जैतुनांचे मळे घेईल. धान्याचा व कळपाचा दहावा भाग घेईल. आणि शेवटी तुम्ही त्याचे दास व्हाल. यात अतिशयोक्ती नव्हती. आसपासच्या राज्यांत हेच चालले होते. वडिलांनी ऐकले आणि आपला हट्ट सोडला नाही.

याही पूर्वी योथाम नावाच्या तरुणाने डोंगरावर उभे राहून लोकांस एक दृष्टान्त सांगितला होता. झाडांस राजा हवा होता. ती जैतुनाकडे, अंजिराकडे व द्राक्षवेलीकडे गेली. पण आपले तेल, आपले गोड फळ, आपला रस सोडून इतर झाडांवर डोलत राहणे कोणासही रुचले नाही. अखेरीस काटेझुडूप राजी झाले, आणि आपल्या सावलीत या म्हणू लागले! काटेझुडपास सावली कसली? चांगली माणसे आपल्या कामात गढून कारभाराकडे पाठ फिरवितात, तेव्हा तो कोणाच्या हाती जातो, हे या दृष्टान्ताहून अधिक थोडक्यात क्वचितच कोणी सांगितले असेल.

मग राजा मागणे हे पातकच होते काय? येथे शास्त्र सावधपणे वाचावे. अनुवादाच्या सतराव्या अध्यायात राजा नेमण्यास मोकळीक आहे. पण त्याने पुष्कळ घोडे, पुष्कळ बायका व पुष्कळ सोनेरुपे बाळगू नये, नियमशास्त्राची नक्कल करून ती जन्मभर वाचावी, आणि आपल्या भाऊबंदांहून स्वतःस मोठा समजू नये, असा नियम आहे. राजा झाला तरी तो भाऊच. शमुवेलानेही शौलास राजा निवडल्यावर राज्याची रीत पुस्तकात लिहून ती परमेश्वरापुढे ठेविली. इतर राष्ट्रांच्या राजांहून इस्राएलाचा राजा वेगळा व्हावयाचा होता तो या एका गोष्टीत: त्याच्यावरही नियम होता. लोकांनी इतरांसारखा राजा मागितला. देवाने राजा दिला, पण इतरांसारखा मोकाट सोडला नाही.

हा नियम कागदावर राहू नये म्हणून तो राजाच्या तोंडावर बोलणारा मनुष्य लागतो. दावीद राजाने उरीयाची बायको घेतली व उरीयास लढाईत मारविले, तेव्हा नाथान भविष्यवादी एका गरिबाच्या एकुलत्या कोकरीची गोष्ट घेऊन राजवाड्यात गेला. गोष्टीतल्या श्रीमंतावर राजा संतापला, आणि तो श्रीमंत म्हणजे तूच, हे नाथानाने त्यास दाखवून दिले. दावीदाने मान खाली घालून आपले पाप पदरी घेतले. त्याचे मोठेपण त्याच्या लढायांइतकेच या पश्चात्तापात आहे.

असा एक प्रसंग आपल्या पुण्याने पाहिला आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात तरुण पेशवे नारायणराव यांचा गारद्यांनी वध केला, आणि त्यांचे चुलते राघोबादादा पेशवेपदी आले. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली व दोष दादांकडेच जातो असे ठरविले. या कृत्यास देहान्तावाचून प्रायश्चित्त नाही, असे त्यांनी दादांस समक्ष सांगितले आणि पुणे सोडले, ही आठवण महाराष्ट्राने जपून ठेविली आहे. शास्त्रीबोवांपाशी फौज नव्हती. त्यांच्या पदरी केवळ न्याय होता. दावीदाप्रमाणे दादांचे मन मात्र पालटले नाही. सत्य सांगणे आपल्या हाती असते. ऐकणाऱ्याचे हृदय आपल्या हाती नसते. म्हणून सांगण्याचे कर्तव्य टळत नाही.

इस्राएलाच्या कथेची उलट बाजूही आपल्या प्रांतात घडली आहे. सातारा जिल्ह्यातील औंध हे एक लहान संस्थान होते. तेथील राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली आपला राज्याधिकार प्रजेस देण्याचे जाहीर केले, आणि महात्मा गांधींच्या सल्ल्याने सिद्ध झालेली राज्यघटना १९३९ साली तेथे आली. तिचा पाया गावपंचायत हा होता. त्या कामी झटलेले मॉरिस फ्रीडमन हे अभियंते मूळचे वॉर्सा शहरचे, ज्यू कुटुंबात जन्मलेले होते. १९४८ साली औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. रामा येथे लोक आपला भार राजाच्या खांद्यावर ठेवावयास आले होते. औंधास राजाने तो भार परत लोकांच्या खांद्यावर ठेविला. गावचा तंटा गावाने मिटवावा, गावची शाळा गावाने चालवावी, हे ऐकावयास गोड. पण रोज चावडीवर बसून ते करणे हे श्रमाचे काम होय. स्वराज्य म्हणतात ते यासच.

२६ जानेवारी १९५० पासून आपल्या देशात राजा नाही, राज्यघटना आहे. तथापि राजा मागणारे मन राजाबरोबर नाहीसे होत नाही. कोणी एक समर्थ पुरुष यावा, त्याने सर्व नीट करावे व आपण निश्चिंत असावे, ही इच्छा ज्याच्या मनात आहे, तो अजून रामा गावच्या त्या मंडळीतच उभा आहे. विद्यार्थ्यांनो, तुमच्या वर्गातही हे घडते. शिक्षक बाहेर गेले की शांतता राखणे हे वर्गनायकाचे काम, माझे नव्हे, असे जो म्हणतो, त्याने आपल्यावर राजा मागूनच घेतला. तसेच, बाकीचे सर्व करितात म्हणून मीही करितो, हे उत्तर जेव्हा तुमच्या तोंडी येईल, तेव्हा ते तीन हजार वर्षांचे जुने आहे हे आठवावे. घरी जेव्हा शेजाऱ्यांसारखा थाट, शेजाऱ्यांसारखा लग्नाचा खर्च यांची गोष्ट निघेल, तेव्हा पालकांनीही ते आठवावे. त्याचे मोल कोण कोण देणार आणि काय काय घेतले जाणार, हे शमुवेलाप्रमाणे आधीच मोजून पाहावे.

आता त्या वृद्धाच्या हिशेबाकडे येऊ. राजा झाला, आता शमुवेलाचे अधिकारपद संपले. त्याने सर्वांस विचारिले की, मी कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव घेतले, कोणाकडून लाच घेतली ते सांगा. कोणीही काही सांगू शकला नाही. जो राजा घेत राहणार होता, त्याच्याआधी ज्याने काहीच घेतले नाही असा मनुष्य उभा होता, हे लोकांस तेव्हा उमगले. ते घाबरून आपला अपराध कबूल करू लागले. शमुवेलाने त्यांस धीर दिला: देव आपल्या लोकांस टाकणार नाही. आणि ज्यांनी त्याला बाजूस सारले, त्यांच्यासाठी प्रार्थना करणे थांबविले तर ते आपल्याकडून पातक होईल, असे सांगून त्याने त्यांस चांगला मार्ग शिकवीत राहण्याचे वचन दिले.

माझ्या मते या सर्व कथेचा गाभा येथे आहे. लोकांची निवड चुकली, तरी देवाने त्यांस सोडले नाही, आणि देवाच्या सेवकानेही सोडले नाही. पद गेले, प्रार्थना व शिकवण ही दोन कामे उरली, आणि ती कोणीही कोणाकडून काढून घेऊ शकत नाही.

पुढे कित्येक शतकांनी गालील समुद्रापलीकडे पाच हजारांस भाकरी मिळाल्यावर लोक प्रभू येशूसही बळेच राजा करावयास निघाले. तो त्यांच्यामधून निघून एकटाच डोंगरावर गेला. फुकट भाकरी मिळावी व आपले ओझे दुसऱ्याने वाहावे, यासाठी हवा असलेला राजा होण्यास त्याने नकार दिला. पण शिष्यांचे पाय धुण्यास तो नाकबूल झाला नाही. घेणारा राजा आणि देणारा राजा यांतील भेद येथे स्पष्ट दिसतो. आपण कोणास राजा मानतो, हे आपल्या घोषणांवरून कळणार नाही. उद्या सकाळी आपल्या वाट्याचे काम आपण आपल्या हातांनी करितो की दुसऱ्यावर ढकलितो, यावरून ते कळेल.