पॉपकॉर्न त्यांचे, पाणी आपल्या हक्काचं!

दोस्तांनो, रत्नागिरीत पिक्चरचा प्लॅन ठरला की पॉकेटमनीची वाट लागते ती तिकिटापेक्षा इंटरव्हलला. मग कुणीतरी सॅकमध्ये तळलेल्या गऱ्यांचं पाकीट लपवतं आणि दारावरच्या तपासणीत ते नेमकं सापडतं!

तिथे वाद घालून उपयोग नाही. बाहेरचे पदार्थ आत आणू द्यायचे की नाही, हे थिएटरवाल्यांनी ठरवायचं, असं सुप्रीम कोर्टाने ३ जानेवारी २०२३ रोजी स्पष्ट केलंय. पण त्याच निकालात आपल्या कामाची गोष्टही आहे. प्रेक्षकांना पिण्याचं स्वच्छ पाणी थिएटरने फुकट द्यायलाच हवं. तान्ह्या बाळाचा खाऊही आत नेता येतो.

आणखी एक. पाकीटबंद चिप्स किंवा कोल्ड्रिंकवर छापील एमआरपीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. घेतलाच तर बिल मागा आणि ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार करा. सुट्या पॉपकॉर्नवर मात्र एमआरपी नसते. खरा खिसा कापला जातो तो तिथेच.

तेव्हा गरे शो सुटल्यावर मांडवीला बसून खा. पण पाण्याची बाटली विकत घेण्याआधी ‘प्यायचं पाणी कुठंय?’ एवढं बिनधास्त विचारा!