फवारलेलं औषध जातं कुठे?

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, त्यामुळे फवारा अंगावरच उतरत होता. नोव्हेंबरमध्ये सरकारने यवतमाळसह पश्चिम विदर्भाच्या पाच जिल्ह्यांत पाच प्रकारच्या औषधांवर ६० दिवसांची बंदी घातली. या प्रकरणावर बोलताना एक युक्तिवाद हमखास पुढे येतो: डीडीटी, बीएचसी, एंडोसल्फान ही वर्षानुवर्षं टिकणारी औषधं आता बंद झाली, नवी लवकर विरून जातात, तेव्हा फवारणाऱ्याने हातमोजे आणि मास्क घातला की प्रश्न मिटला. यातला अर्धा भाग खरा आहे. मोनोक्रोटोफॉससारखं औषध माणसाला काही तासांत लोळवतं, पण मातीत फार काळ राहत नाही. मात्र मास्क फक्त पंप पाठीवर घेणाऱ्याला वाचवतो. पंपातून बाहेर पडलेलं औषध पुढे कुठे जातं, या प्रश्नाचं ते उत्तर नव्हे.

टिकाऊ औषधांचं बळ त्यांच्या कार्बन-क्लोरीनच्या बंधात आहे. मातीतल्या जिवाणूंना तो सहजी तुटत नाही. शिवाय ही रसायनं पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, चरबीत मात्र सहज मुरतात. जनावराच्या पोटात गेलेलं पाण्यात विरघळणारं विष बरंचसं मुतावाटे निघून जातं. डीडीटी चरबीत साठतं आणि दुधाच्या स्निग्धांशाबरोबर बाहेर येतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या १९९३ च्या अहवालात १२ राज्यांतल्या २२०५ दूध-नमुन्यांची तपासणी आहे. सुमारे ८२ टक्के नमुन्यांत डीडीटी सापडलं. मर्यादेपेक्षा जास्त डीडीटी असलेल्या नमुन्यांचं प्रमाण सर्वाधिक होतं महाराष्ट्रात: ७४ टक्के! यावर कोणी म्हणेल, हे डीडीटी शेतातलं कशावरून? हिवतापाच्या डासांसाठी भिंतींवर मारलेलंही असेल. आक्षेप रास्त आहे. शेतीतला त्याचा वापर १९८९ मध्येच बंद झाला होता. डीडीटीने हिवतापापासून असंख्य जीव वाचवले, त्याचा कीटकनाशक गुण शोधणाऱ्या पॉल म्युलर यांना १९४८ चं नोबेल मिळालं ते उगाच नाही. पण गोठ्याच्या भिंतीवरून आलेलं असो की चाऱ्यातून, गाईच्या चरबीत ते एकाच जागी जमा होतं. आणि आपल्याकडे चाऱ्याची वाट नेमकी कपाशीतून जाते: बोंडातली सरकी, सरकीची ढेप, ढेप गव्हाणीत.

जे मातीत आणि चरबीत राहत नाही, त्यातलं बरंच हवेत जातं. इथे मोहाची दारू गाळणारी भट्टी डोळ्यांसमोर आणावी. खालचं मडकं तापतं, वाफ वर चढते, थंड पाणी भरलेल्या भांड्याच्या बुडाला लागली की तिचे थेंब होतात. पृथ्वीवर हेच चालतं. चाळीस-पंचेचाळीस अंशांत तापणारं यवतमाळचं शिवार हे खालचं मडकं; तिथून उठलेली बीएचसीची वाफ वाऱ्यावर जाते, वाटेत गारवा मिळाला की उतरते, पुन्हा तापली की उठते, आणि असं टप्प्याटप्प्याने ध्रुवाकडे सरकते. तिथे पुन्हा उडायला ऊन नसतं. जपानी आणि भारतीय संशोधकांनी तमिळनाडूतल्या वेल्लार नदीच्या खोऱ्यातल्या भातशेतीत बीएचसीचा माग काढला. ९९ टक्क्यांहून अधिक औषध हवेत गेलं होतं, नदीवाटे गेलं ते अगदी किरकोळ. वर पोहोचलेल्या विषाचं काय होतं, हे एरिक दवेली या कॅनडातल्या डॉक्टरांना १९८० च्या दशकात अनपेक्षितपणे कळलं. ट्रान्सफॉर्मरच्या तेलातले, असेच चरबीत मुरणारे पीसीबी क्वेबेकमधल्या मातांच्या दुधात किती आहेत हे ते मोजत होते. तुलनेसाठी निर्मळ नमुने हवेत म्हणून त्यांनी उत्तरेकडच्या इनुइट स्त्रियांचं दूध तपासलं. कारखान्यांपासून शेकडो मैल दूर राहणाऱ्या त्या स्त्रियांच्या दुधात पीसीबी दक्षिणेतल्या स्त्रियांच्या सुमारे पाचपट निघाले! प्लवकांतून माशांत, माशांतून सीलमध्ये, सील आणि व्हेलच्या चरबीतून माणसात, अशी प्रत्येक पायरीवर मात्रा वाढत गेली होती. ‘पाण्यात अंश नगण्य आहे’ हा दिलासा म्हणूनच अपुरा. पाण्यात नगण्य असलेलं साखळीच्या शेवटी नगण्य राहत नाही. असले अंश पकडता येतात ते वैज्ञानिक जेम्स लव्हलॉक यांनी १९५७ मध्ये घडवलेल्या शोधकामुळे. जग त्यांना ‘गाया’च्या, म्हणजे पृथ्वी स्वतःला सावरणाऱ्या सजीवासारखी आहे या, कल्पनेसाठी ओळखतं. पण अंटार्क्टिकाच्या पेंग्विनांतलं डीडीटी उघडं पाडणाऱ्या तंत्राला त्या तळहाताएवढ्या उपकरणाने जन्म दिला, हे मला त्यांचं अधिक मोठं काम वाटतं.

आता राहिला ‘बंदी झाली’ हा मुद्दा. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०११ रोजी बंदी घातली, ते योग्यच झालं. पण त्याच्या जागी आलेलं प्रत्येक औषध विरून जातं हे गृहीत धरता येत नाही. २०१७ च्या त्या पाच औषधांत फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिडचं मिश्रण होतं. इमिडाक्लोप्रिड मातीत कित्येक महिने टिकतं आणि पाण्याबरोबर वाहतं. फिप्रोनिल तुटतं खरं, पण त्यातून बनणारं सल्फोन विषारीही असतं आणि चरबीत राहणारंही. त्याच वर्षी, २०१७ च्या ऑगस्टमध्ये, युरोपात लाखो अंडी बाजारातून परत घेतली गेली, कारण कोंबड्यांच्या खुराड्यातले लाल माइट (सूक्ष्म कोळी) मारायला फिप्रोनिल वापरलं गेलं होतं. तिथल्या तपासणीत मूळ औषध आणि सल्फोन यांची बेरीज धरतात. यवतमाळात त्या हंगामात मृतांची मोजणी झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. तशीच मोजणी सरकीच्या ढेपेत, डेअरीच्या दुधात, गावरान अंड्यांत आणि बेंबळा धरणातल्या मासळीत, दर हंगामात, सल्फोनसकट व्हायला हवी, आणि तिचे आकडे कृषी केंद्राच्या फळ्यावर लागायला हवेत.