वसंत, वावळ आणि शिंका

वसंतात शिंका सुरू झाल्या की लोक पळसाकडे बोट दाखवतात. बिचारा पळस! त्याचे पराग पक्ष्यांच्या चोचींना चिकटून जातात. संशय घ्यावा तो वावळावर. माघ-फाल्गुनात त्याच्या निष्पर्ण फांद्यांवर येणारी बारीक, हिरवट फुले कवींनाही दिसत नाहीत. त्यांचे पराग मात्र वाऱ्यावर स्वार होऊन थेट नाकात शिरतात.

त्यातच मार्चच्या परीक्षा! शिंकांवरच्या जुन्या गोळ्यांनी झोप येते. (वर्गात पेंगणारे सगळेच आमच्या व्याख्यानाने पेंगतात असे नव्हे!) न पेंगवणाऱ्या गोळ्याही आता मिळतात. नाकात मारायच्या औषधी फवाऱ्याचा पूर्ण गुण यायला मात्र काही दिवस लागतात. म्हणून डॉक्टरांना पौषातच गाठावे. बाहेरून येताच कपडे बदलावेत, चादरी घरातच वाळवाव्यात. छातीत घरघर ऐकू आली, धाप लागली, तर पुस्तक मिटून तडक दवाखान्यात जावे.