कारण नाही, पण अर्थ आहे

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असं म्हणून आपण मोकळे होतो. संस्कृतातला काकतालीय न्यायही तेच सांगतो: कावळा ताडावर येऊन बसला, तेवढ्यात फळ पडलं; दोन्हींचा संबंध जोडू नका. स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग (१८७५–१९६१) यांना एवढं मान्य होतं. त्यांचा प्रश्न त्यापुढचा होता. एका घटनेमुळे दुसरी घडली नाही हे खरं, पण ज्याच्या बाबतीत त्या घडल्या त्याला दोन्हींत एकच अर्थ दिसत असेल, तर त्या अनुभवाला म्हणायचं काय?

त्यांनी शब्द घडवला ‘सिंक्रोनिसिटी’. ग्रीकमध्ये ‘सिन’ म्हणजे सह आणि ‘क्रोनॉस’ म्हणजे काळ. दोन घड्याळांत एकदम बारा वाजले तर ती नुसती समकालिकता. मनातली अवस्था आणि बाहेरची घटना अर्थाने जुळली, तरच युंग हा शब्द वापरत.

त्यांनी दिलेलं उदाहरण प्रसिद्ध आहे. उच्चशिक्षित, कमालीची तर्कनिष्ठ अशी एक रुग्ण कोणत्याच उपचाराला दाद देत नव्हती. एकदा ती आपलं स्वप्न सांगत होती: कुणीतरी तिला सोन्याचा स्कॅरब, म्हणजे भुंगेऱ्याच्या आकाराचा दागिना, दिला होता. तेवढ्यात युंगच्या पाठीमागच्या बंद खिडकीवर टकटक झाली. त्यांनी खिडकी उघडून आत येणारा किडा हवेतच पकडला. गुलाबावर येणारा सोनेरी-हिरवा भुंगेरा होता तो. त्या भागात स्कॅरबशी इतका मिळताजुळता दुसरा किडा नाही. ‘हा घ्या तुमचा स्कॅरब’ म्हणून त्यांनी तो तिच्या हातात दिला. तिचा ताठा तिथे मोडला आणि उपचार पुढे सरकले. प्राचीन इजिप्तमध्ये स्कॅरब हे पुनर्जन्माचं प्रतीक होतं, हे युंग आवर्जून नोंदवतात.

कल्पनेचा एक धागा चीनमधून आला. रिचर्ड विल्हेल्म हे चीनमध्ये राहिलेले जर्मन मिशनरी. त्यांनी ‘ई चिंग’ या प्राचीन ग्रंथाचा जर्मन अनुवाद १९२४ मध्ये प्रसिद्ध केला. तीन नाणी सहा वेळा टाकायची, त्यातून चौसष्टपैकी एक आकृती मिळते आणि ती त्या क्षणाचं रूप सांगते, अशी ही पद्धत. नाणी कशामुळे तशी पडली हे तिथे कुणी विचारत नाही. या क्षणी आणखी काय काय एकत्र आलं आहे, ते पाहतात. १९३० मध्ये विल्हेल्म गेले. त्यांच्या श्रद्धांजलीच्या भाषणात युंगनी या तत्त्वाचा जाहीर उल्लेख केला. सविस्तर निबंध मात्र १९५२ मध्ये आला, तोही एका जोडपुस्तकात. दुसरा लेखक होता नोबेलविजेता भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पाउली.

त्याच निबंधातला ज्योतिषाचा प्रयोग, पत्रिका जुळवणाऱ्या आपल्या समाजाने तरी वाचायलाच हवा. युंगनी विवाहित जोडप्यांच्या पत्रिका तीन गटांत तपासल्या: १८०, २२० आणि ८३ जोडपी. पहिल्या गटात वधूचा चंद्र आणि वराचा सूर्य यांची युती सर्वांत वर आली. परंपरेने विवाहाला अनुकूल मानलेला हाच योग! दुसऱ्या गटात चंद्र-चंद्र युती वर आली, तिसऱ्यात चंद्र आणि लग्न. तिन्ही योग परंपरेतलेच. पण ४८३ जोडपी एकत्र मोजली तेव्हा वेगळेपण विरघळलं. ज्योतिष सिद्ध झालं नाही, हे युंगनी मान्य केलं. मात्र प्रत्येक गटात नेमका अपेक्षित योगच वर यावा, यालाच त्यांनी सिंक्रोनिसिटी म्हटलं. इथे मी त्यांच्यासोबत जाऊ शकत नाही. आकडे बाजूने आले तरी पुरावा आणि विरुद्ध गेले तरी पुरावा, असं झालं की तपासायला काही उरत नाही.

संख्याशास्त्राचं उत्तर सरळ आहे. खोलीत २३ माणसं असली की त्यांतल्या कुणा दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते. पर्सी डायकोनिस आणि फ्रेडरिक मोस्टेलर या संख्याशास्त्रज्ञांनी १९८९ च्या लेखात दाखवलं की, नमुना पुरेसा मोठा असेल तर कोणतीही अचाट गोष्ट घडू शकते. शिवाय न जुळलेल्या हजारो गोष्टी आपण लक्षात ठेवत नाही.

तरीही हा शब्द मला टाकाऊ वाटत नाही. भुंगेरा उन्हाळ्यात खिडकीवर येतोच. त्या बाईंच्या मनात जे हललं ते मात्र संभाव्यतेच्या गणितात बसत नाही, आणि युंग आयुष्यभर उपचारांच्या अशाच खोलीत काम करत होते. निसर्गाचा नियम म्हणून सिंक्रोनिसिटी मला पटत नाही, अनुभवाचं नाव म्हणून पटते. याबाबत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो युंग आणि पाउली यांचा १९३२ ते १९५८ मधला पत्रव्यवहार. निबंधातली कार्यकारण आणि सिंक्रोनिसिटी समोरासमोर मांडणारी आकृतीसुद्धा पाउलींशी चर्चा करून युंगनी बदलून घेतली होती.