दाताला खोडवा नसतो



उसाच्या रोगांविषयी आम्ही नेहमी लिहितो. आज हिरड्यांच्या रोगाविषयी लिहीत आहोत.

दाताच्या मुळाशी चिकट थर साचून जंतू वाढतात. त्यांना मारायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी हिरडीत धावतात. पण पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस नावाचा जंतू मोठा लबाड. तो या पेशींची मारण्याची ताकद रोखतो, सूज मात्र चालू ठेवतो. कारण सुजेतून झिरपणाऱ्या प्रथिनांवरच तो पोसतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगात दिसले, की हा जंतू थोडाच असला तरी इतर जंतूंचे फावते आणि हाड झिजते. हे हाड जंतू खात नाहीत; सुजेमुळे शरीराच्याच पेशी ते झिजवतात. म्हणजे कुंपणच शेत खातं!

दुखत नाही म्हणून हिरडीतल्या रक्ताकडे काणाडोळा करू नये. मिश्री, तंबाखू सोडावी. रोज दोनदा ब्रश करावा. साचलेलं कीटण दंतवैद्याकडून काढून घ्यावं. मधुमेहवाल्यांनी जास्त जपावं, कारण हे दोन्ही रोग एकमेकांना वाढवतात.

ऊस तुटला तर खोडवा फुटतो. पडलेला पक्का दात पुन्हा येत नाही.

— ऊस विकास अधिकारी